कार्यक्रमांसाठी अष्टपैलू ट्यूब गिटार अ‍ॅम्प: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरावाच्या खोलीत छान वाजणारा छोटा अ‍ॅम्प (गिटारचा आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर) पहिल्याच कार्यक्रमात ड्रमच्या आवाजाखाली गाडला जातो. मग आपण ठरवतो, एकच घ्यायचा, पण सगळीकडे चालेल असा घ्यायचा. तिथून खरेदीपर्यंत जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. माझी मतं ठाम आहेत, कारण ती अ‍ॅम्प उचलून, वाजवून आणि एकदा चुकीचा घेऊन झालेली आहेत.

ट्यूब अ‍ॅम्पच का? ट्रान्झिस्टर किंवा डिजिटल का नको?

नको असं मुळीच नाही. रोलंडचा जेसी-१२० हा ट्रान्झिस्टरवर चालणारा अ‍ॅम्प १९७५ साली आला आणि त्याच्या स्वच्छ आवाजासाठी तो आजही आवर्जून मागितला जातो. तुमचे बहुतेक कार्यक्रम कानातल्या मॉनिटरवर होत असतील आणि स्टेजवर आवाज नकोच असेल, तर डिजिटल मॉडेलर (अ‍ॅम्पच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारं यंत्र) घ्या आणि पाठ सांभाळा.

ट्यूब, म्हणजे सिग्नल वाढवणारी काचेची व्हॅक्यूम नळी, घ्यायची ती हाताखालच्या प्रतिसादासाठी. पिक हळू लावला तर सूर स्वच्छ, जोरात लावला तर तोच सूर खरखरीत. गिटारचा व्हॉल्यूम १० वरून ६ वर आणला की ही खरखर, म्हणजे डिस्टॉर्शन, विरघळून जातं, पेडलला पाय लावावा लागत नाही. ट्यूबला झेपेल त्याहून मोठा सिग्नल मिळाला की ती तो एकदम कापत नाही, हळूहळू दाबत जाते. त्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर यांचीही भर पडते. ज्याचा उजवा हात जोर कमी-जास्त करत वाजवतो, त्याला हा फरक पाच मिनिटांत कळतो. तुमच्या वाजवण्यात असा चढउतार नसेल, तर वीस किलोचं ओझं वाहण्यात अर्थ नाही.

अष्टपैलू म्हणजे नेमकं काय बघायचं?

या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: तुमचा बँड ज्या आवाजात वाजवतो, त्या आवाजात अ‍ॅम्पचा स्वच्छ सूर कसा लागतो ते बघा. बाकी सगळं त्यानंतर.

लोक उलटं करतात. आधी डिस्टॉर्शन ऐकतात, चॅनल (अ‍ॅम्पमधल्या वेगवेगळ्या आवाजांच्या वाटा) मोजतात, बटणं मोजतात. पण एका संध्याकाळी तुम्हाला एक संथ गाणं, एक फंक आणि दोन रॉकची गाणी वाजवायची असतील, तर या चारही गाण्यांचा पाया स्वच्छ आवाजच असतो. त्यावर ओव्हरड्राइव्ह पेडलने पाहिजे तेवढी धार चढवता येते. उलट, ज्या अ‍ॅम्पचा स्वच्छ सूर ड्रम सुरू होताच फाटतो, त्याला कुठलंही पेडल वाचवू शकत नाही.

दुसरी गोष्ट मिडलची. टोन कंट्रोलमधला मिड (मधल्या सुरांचा नॉब) खरोखर काम करतो का ते तपासा, कारण बँडमध्ये गिटार ऐकू येते ती मिडमुळे. रिव्हर्बसारख्या सोयी चांगल्याच, पण त्या बाहेरून जोडता येतात. पाया बाहेरून जोडता येत नाही.

किती वॉटचा घ्यावा?

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. वॉट दुप्पट केले की आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबलने वाढतो. आपल्या कानाला आवाज साधारण दुप्पट वाटायला १० डेसिबलची वाढ लागते, म्हणजे दहापट वॉट. १० वॉटच्या अ‍ॅम्पच्या दुप्पट आवाज पाहिजे तर १०० वॉट लागतील. ५० आणि १०० वॉटमध्ये फरक तेवढाच, ३ डेसिबल. कळतो, पण जेमतेम.

मग जास्त वॉट कशासाठी? स्वच्छ आवाजाच्या जागेसाठी, ज्याला वादक हेडरूम म्हणतात. १५ वॉटचा अ‍ॅम्प ड्रमसोबत वाजेल, पण तिथे पोहोचेपर्यंत तो खरखरू लागलेला असेल. ब्लूज किंवा जुन्या धाटणीचं रॉक वाजवत असाल तर तेच तुम्हाला हवं असतं. फंकची कोरडी ऱ्हिदम किंवा जॅझचे भरगच्च कॉर्ड वाजवायचे असतील तर ४० वॉट लागतात.

स्पीकर हा या हिशेबातला विसरलेला भाग आहे. प्रत्येक स्पीकरची संवेदनशीलता १ वॉटला १ मीटरवर किती डेसिबल अशी दिलेली असते. सेलेस्टियनचा ग्रीनबॅक ९८ डेसिबलचा, तर त्याच कंपनीचा व्हिंटेज ३० हा १०० डेसिबलचा. वॉटच्या भाषेत हा २ डेसिबलचा फरक म्हणजे दीडपटीहून जास्त. अ‍ॅम्प न बदलता नुसता स्पीकर बदलून तो मोठा करता येतो, आणि फारच अंगावर येत असेल तर लहानही.

माझा सल्ला: ड्रमर काठी आवरून वाजवणारा असेल आणि हॉलमध्ये अ‍ॅम्पसमोर माइक लावला जात असेल, तर २० ते ३० वॉट. ड्रमर दणकट असेल, माइक मिळण्याची खात्री नसेल किंवा तुम्हाला शेवटपर्यंत स्वच्छच वाजवायचं असेल, तर ४० ते ५०. मी एकदा १०० वॉटचा हेड (स्पीकर नसलेला, वेगळा अ‍ॅम्प) घेतला होता. प्रत्येक साउंडचेकला तीच विनंती यायची, ‘जरा कमी कराल का?’ मास्टर व्हॉल्यूम (एकूण आवाजाचा नॉब) दीडवर आणला की आवाज पातळ आणि कडक व्हायचा, आणि ज्या सुरासाठी तो घेतला होता तो एकदाही प्रेक्षकांपर्यंत पोहोचला नाही. नाकापेक्षा मोती जड.

मोठा अ‍ॅम्प घेऊन त्याचा आवाज कमी करता येत नाही का? अर्ध्या वॉटचं बटण किंवा अ‍ॅटेन्युएटर?

येतो, पण प्रत्येक उपायाची हद्द ओळखून.

अर्ध्या वॉटच्या बटणाने आवाज कमी होतो तो ३ डेसिबल, वर सांगितलं तेवढाच. त्याचा खरा उपयोग असा की अ‍ॅम्प जरा लवकर खरखरू लागतो. ५० वॉटवरून ५ किंवा १ वॉटवर जाण्याची सोय काही आधुनिक अ‍ॅम्पमध्ये असते. ती जास्त कामाची.

अ‍ॅटेन्युएटर अ‍ॅम्प आणि स्पीकर यांच्या मधे बसतो आणि ताकदीचा काही भाग उष्णतेत घालवतो. ६ ते ८ डेसिबल कमी करेपर्यंत आवाजाचा पोत टिकतो. त्यापुढे स्पीकर स्वतः हलेनासा होतो आणि सूर मऊ, झाकलेला वाटू लागतो. घ्यायचाच तर रिअ‍ॅक्टिव्ह प्रकारचा घ्या, कारण तो अ‍ॅम्पला खऱ्या स्पीकरच्या जवळचा भार देतो. आणि अ‍ॅटेन्युएटर लावून अ‍ॅम्प रोज पूर्ण उघडा वाजवलात, तर पॉवर ट्यूब (स्पीकरला ताकद देणाऱ्या शेवटच्या ट्यूब) लवकर संपणार हे धरून चाला.

पॉवर ट्यूब कोणती चांगली? ६व्ही६, ६एल६, ईएल८४ की ईएल३४?

चांगली-वाईट असं नाही, स्वभाव वेगळे आहेत. आणि हे स्वभाव नुसत्या ट्यूबचे नाहीत, ज्या सर्किटमध्ये त्या बसल्या त्यांचेही आहेत.

६एल६ ही आरसीएने १९३६ साली आणलेली ट्यूब. दोन ट्यूबवर ४० ते ५० वॉट मिळतात. बेस घट्ट, वरचा भाग चमकदार आणि स्वच्छ आवाजाला भरपूर जागा. फेंडरचा ट्विन रिव्हर्ब अशा चार ट्यूबवर ८५ वॉट देतो आणि सहजासहजी फाटत नाही. ६व्ही६ ही तिची धाकटी बहीण म्हणता येईल. दोन ट्यूबवर २० वॉटच्या आसपास, आणि लवकर, गोडसर खरखर. १९६३ पासूनचा फेंडर डिलक्स रिव्हर्ब हा २२ वॉटचा अ‍ॅम्प दोन ६व्ही६ आणि एका १२ इंची स्पीकरवर चालतो. लहान-मध्यम हॉलमध्ये माइक लावून वाजवणाऱ्यांसाठी मी अजूनही मापाला हाच अ‍ॅम्प धरतो. मात्र त्यात मास्टर व्हॉल्यूम नाही, इफेक्ट्स लूप नाही आणि मिडचा वेगळा नॉबही नाही. म्हणजे धार लागेल तिथे पेडल हवंच.

ईएल८४ उंचीला लहान, आवाजाला झणझणीत. व्हॉक्सचा एसी१५ १९५८ साली दोन ईएल८४ वर आला आणि पाठोपाठ चार ट्यूबचा, ३० वॉटचा एसी३०. या अ‍ॅम्पच्या पॉवर विभागात निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग मागे नेऊन आवाज आवरणारी जोडणी) नाही, म्हणून आवाज मोकळा, किणकिणता आणि कडेला जरा उग्र येतो. ३० वॉट ऐकून त्याला कमी लेखू नका. दोन स्पीकरचा एसी३० कानठळ्या बसवतो.

ईएल३४ म्हणजे जाडजूड मिड आणि गुरगुर, ज्याला आपण ‘मार्शलचा आवाज’ म्हणतो. गंमत अशी की मार्शलचा पहिला अ‍ॅम्प, १९६२ चा जेटीएम४५, फेंडरच्या बासमन अ‍ॅम्पच्या सर्किटवरून बनवला होता आणि त्यात ईएल३४ नव्हत्याच. त्या नंतर आल्या. तेच सर्किट, पण ट्यूब, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर वेगळे, आणि त्यातून एक वेगळीच आवाजाची जात जन्माला आली. म्हणून ‘६एल६ म्हणजे असाच आवाज’ असं कुणी म्हणालं तर कान उघडे ठेवा आणि वाजवून बघा.

बँडमध्ये गाण्यांचा प्रकार बदलत राहत असेल तर मी ६एल६ किंवा ६व्ही६ वाल्या अ‍ॅम्पकडे झुकतो. कारण तेच, स्वच्छ पाया.

किती चॅनल हवेत?

दोन पुरतात. पण दोन्ही चॅनलना वेगळा व्हॉल्यूम हवा, आणि टोन वेगळा असेल तर उत्तम. एकाच टोनवर दोन चॅनल चालणाऱ्या अ‍ॅम्पमध्ये स्वच्छ सूर नीट लावला की डिस्टॉर्शन चिरकं होतं. डिस्टॉर्शन नीट लावलं की स्वच्छ सूर दबका होतो. कार्यक्रमात गाण्याच्या मधे वाकून नॉब फिरवायला वेळ नसतो.

सोलोसाठी आवाज वाढवणारं बूस्ट फूटस्विचवर असेल, तर ते माझ्या लेखी तिसऱ्या चॅनलपेक्षा मोलाचं. आवाज न वाढता सोलो सुरू झाला तर तो समोरच्याला सोलो वाटतच नाही.

एकाच चॅनलचा अ‍ॅम्प आणि बाकी सगळं पेडलवर, असं चालेल?

छान चालतं, आणि अनेक अनुभवी वादक असंच करतात. एक अट आहे: अ‍ॅम्पने पेडल पचवायला हवं. काही अ‍ॅम्पच्या पुढे ओव्हरड्राइव्ह लावलं की आवाज चोंदतो, काहींत तो सुटा आणि मोठा होतो. हे कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं. दुकानात जाताना स्वतःचं नेहमीचं ओव्हरड्राइव्ह पेडल पिशवीत घाला आणि तेच लावून बघा.

एक बारकी युक्ती. स्वच्छ चॅनल थोडा लवकर फाटत असेल तर गिटारच्या जॅकला सगळ्यात जवळची १२एएक्स७ (सिग्नल सुरुवातीला वाढवणारी छोटी ट्यूब) काढून तिथे ५७५१ लावा. १२एएक्स७ चा गुणक (सिग्नल किती पट वाढवते तो आकडा) १००, ५७५१ चा ७०. तीच सॉकेट, काही बदलावं लागत नाही, आणि व्हॉल्यूमच्या नॉबला फिरायला जास्त जागा मिळते.

इफेक्ट्स लूप लागतोच का?

अ‍ॅम्पच्या प्रीअ‍ॅम्पचं (सूर घडवणाऱ्या पहिल्या विभागाचं) डिस्टॉर्शन वापरणार असाल आणि डिले-रिव्हर्बही वापरणार असाल, तर लागतो. डिले पुढे लावला तर त्याचा प्रत्येक प्रतिध्वनी डिस्टॉर्शनमधून जातो आणि सगळं चिखल होतं. लूप प्रीअ‍ॅम्प आणि पॉवर विभागाच्या मधे असतो, त्यामुळे तिथे लावलेला डिले स्वच्छ राहतो. डिस्टॉर्शन पेडलमधून घेणार असाल तर लूप नसला तरी बिघडत नाही. डिले पेडलच्या रांगेत शेवटी ठेवा.

स्पीकर एक की दोन? मागून उघडा की बंद?

दोन १२ इंची स्पीकरचा आवाज रुंद पसरतो आणि जरा मोठाही वाटतो, पण वजन बघा. ट्विन रिव्हर्ब २९ किलो, एसी३० तीस किलोच्याही वर. डिलक्स रिव्हर्ब १९ किलो. जिना, मध्यरात्र आणि एकटे तुम्ही, हे चित्र डोळ्यांपुढे आणा.

मागून उघडं कॅबिनेट स्टेजवर चारी बाजूंना आवाज देतं, ड्रमरलाही ऐकू येतं, सूर हवेशीर लागतो. बंद कॅबिनेट सरळ समोर मारतं आणि खालच्या सुरांना धक्का देतं, जड रिफ वाजवणाऱ्यांना ते आवडतं. मिश्र गाण्यांसाठी एक १२ इंची स्पीकर आणि मागून उघडं कॅबिनेट, ही माझी निवड.

कॉम्बो की हेड आणि कॅबिनेट?

एका फेरीत सगळं आत न्यायचं असेल तर कॉम्बो, म्हणजे अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत. हेड घेतलात तर वजन दोन भागांत विभागतं आणि कुठे तयार कॅबिनेट मिळालं तर नुसता हेड नेता येतो. शिवाय स्पीकरच्या थरथरण्याने कॉम्बोमधल्या ट्यूब हळूहळू सैल होतात. हेडमध्ये हे टळतं, हा त्याचा फायदा फारसा कुणी सांगत नाही.

घरी लावलेला सुंदर आवाज स्टेजवर हरवतो कसा?

हा प्रश्न मला फार जवळचा आहे, कारण याच्या उत्तराने माझं वाजवणं बदललं.

कमी आवाजात आपल्या कानाला बेस आणि ट्रेबल कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. म्हणून घरी आपण नकळत बेस वाढवतो, ट्रेबल वाढवतो, मिड खाली ओढतो आणि आवाज भव्य वाटतो. तीच सेटिंग स्टेजवर मोठ्या आवाजात नेली की बेस घुमतो, ट्रेबल टोचतो आणि मिड, जिथे गिटारचं घर आहे, तिथे खड्डा. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झवर वाजते, तर बेस गिटारची ४१ वर. त्या खालच्या पट्ट्यात बेस गिटार आणि किक ड्रम आधीच ठाण मांडून बसलेले असतात. तिथे तुम्ही घुसलात तर तिघेही ऐकू येत नाहीत.

करायचं काय? साउंडचेकला नॉब सगळे मध्यावर आणा. मिड थोडा वर. बेस इतका कमी करा की एकट्याने वाजवताना आवाज जरा बारीक वाटेल. मग बँडला सुरू करा. तोच बारीक वाटणारा सूर ड्रम आणि बेसच्या मधून सरळ वर येतो, आणि खालचा भाग बेस गिटार भरून काढते. एकदा हे ऐकलं की एकट्याने बसून सेटिंग ठरवायची सवय सुटते.

दुसरं कारण दिशेचं. १२ इंची स्पीकर वरचे सूर, साधारण २ किलोहर्ट्झच्या पुढचे, टॉर्चच्या झोतासारखे सरळ फेकतो. अ‍ॅम्प जमिनीवर आणि तुम्ही त्याला टेकून उभे, म्हणजे तो झोत तुमच्या पोटऱ्यांवर. तुम्हाला आवाज दबका वाटतो, तुम्ही ट्रेबल वाढवता, आणि पहिल्या रांगेतल्या माणसाच्या कानात सुई टोचते. अ‍ॅम्प तिरपा करा किंवा खुर्चीवर ठेवा, तोंड तुमच्या कानाकडे. आवाज आपोआप कमी करावासा वाटेल.

कानांची गोष्ट निघालीच आहे तर: अमेरिकेतल्या एनआयओएसएच संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलमध्ये ८ तास चालतात, आणि दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं. इअरप्लग घाला.

माइक कुठे लावायचा?

शुअर एसएम५७ किंवा तसाच डायनॅमिक माइक, जाळीच्या जवळ, स्पीकरच्या मध्यबिंदूपासून थोडा बाजूला. मध्यावर आवाज टोकदार, कडेला मऊ. दोन बोटं इकडेतिकडे सरकवून जो फरक पडतो तो टोनच्या नॉबने पडत नाही. चांगली जागा सापडली की जाळीच्या कापडावर रंगीत चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावून ठेवा, म्हणजे प्रत्येक ठिकाणच्या साउंड इंजिनियरला शोधत बसावं लागत नाही.

४, ८, १६ ओहम हे काय प्रकरण आहे?

ओहम म्हणजे स्पीकरचा विद्युत अडथळा. अ‍ॅम्पच्या मागे त्याचा जो आकडा निवडलाय तोच स्पीकर कॅबिनेटचा असायला हवा. ८ ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडली की मिळून ४ ओहम होतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं: स्पीकर किंवा लोड बॉक्स (स्पीकरऐवजी ताकद पेलणारा डबा) न जोडता ट्यूब अ‍ॅम्प कधीही चालू करून वाजवू नका. ताकदीला जायला जागा नसते, व्होल्टेज उसळतं आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, जो अ‍ॅम्पमधला सगळ्यात महागड्या भागांपैकी एक आहे.

अ‍ॅम्प ते स्पीकर जोडायला गिटारची केबल वापरू नका. दिसायला सारखी असते, पण आतली तार बारीक असते आणि तापते.

ट्यूब किती दिवस टिकतात? भर कार्यक्रमात गेली तर?

नियमित कार्यक्रम करणाऱ्याच्या पॉवर ट्यूब साधारण एक ते दोन वर्षं साथ देतात. प्रीअ‍ॅम्पच्या ट्यूब त्याहून कितीतरी जास्त. त्या बिघडल्या तर शिट्टी मारतात किंवा टकटक केली की घंटीसारख्या वाजतात.

माझ्यावर ही वेळ एकदा आली. दुसऱ्या सत्राचं दुसरं गाणं, आणि आवाज एकदम पिचला, जणू कुणी अ‍ॅम्पवर गादी टाकली. मागे वाकून पाहिलं तर एका पॉवर ट्यूबच्या आतला राखाडी पत्रा लालबुंद झाला होता. ताबडतोब बंद केला. थोडा उशीर झाला असता तर ट्यूबवर भागलं नसतं. उरलेला कार्यक्रम मी पेडलबोर्डवरच्या कॅबिनेट सिम्युलेशनमधून (स्पीकर कॅबिनेटच्या आवाजाची नक्कल) थेट मिक्सरला जोडून पार पाडला. नंतर कळलं की ट्यूब नव्या घातल्या होत्या, पण त्यांचा बायस (काही न वाजवताही ट्यूबमधून किती प्रवाह वाहावा ते ठरवणारी जुळणी) कुणी जुळवला नव्हता.

तेव्हापासून पिशवीत पॉवर ट्यूबची एक जुळलेली जोडी, एक १२एएक्स७ आणि मूळ मापाचे दोन फ्यूज असतात. जोडी माझ्या अ‍ॅम्पवर आधीच बायस करून घेतलेली. फ्यूज गेला तर त्याच आकड्याचा लावा. पुन्हा गेला तर थांबा. मोठ्या आकड्याचा फ्यूज लावून कार्यक्रम रेटणं म्हणजे ट्रान्सफॉर्मर पणाला लावणं. ट्यूबच्या काचेवर निळी झाक दिसली तर घाबरू नका, ती पॉवर ट्यूबमध्ये नेहमीची. पत्रा लाल झाला तर मात्र धोका.

कॅथोड बायस असलेल्या अ‍ॅम्पमध्ये ट्यूब बदलल्यावर सहसा काही जुळवावं लागत नाही. फिक्स्ड बायस असेल तर जुळवावं लागतं, नाव ‘फिक्स्ड’ असलं तरी. आणि ते जाणकाराकडूनच. आत ४०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि कपॅसिटरमध्ये तो अ‍ॅम्प बंद केल्यावरही राहतो. अंदाजाने हात घालायची ही जागा नाही.

स्टँडबाय बटण कसं वापरायचं?

स्टँडबाय म्हणजे ट्यूब गरम ठेवून आवाज बंद ठेवणारं बटण. आधी मुख्य बटण, अर्धा-एक मिनिट थांबा, मग स्टँडबाय उघडा. मध्यंतरात दहा मिनिटं स्टँडबायवर ठेवलात तर चालतं, तासन्‌तास नको. कार्यक्रम संपल्यावर अ‍ॅम्प लगेच गाडीत घालू नका. गरम ट्यूबला धक्का सोसत नाही. केबल गुंडाळून होईपर्यंत तो थंड होतो.

स्टेजवर गुणगुण येते. अ‍ॅम्प खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही. गिटारची केबल काढा. गुणगुण गेली तर दोष गिटार, पेडल किंवा त्यांच्या वीजपुरवठ्यात आहे. राहिली तर अ‍ॅम्प किंवा तिथल्या वीजजोडणीत. अ‍ॅम्प आणि पेडलबोर्ड एकाच प्लगपट्टीवर घेतले की अर्ध्या तक्रारी मिटतात. अर्थिंगची पिन काढून गुणगुण थांबवायचा सल्ला कुणी दिला तर स्पष्ट नाही म्हणा. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात आणि तुमचे ओठ माइकला. त्यात जीव जाऊ शकतो.

परदेशातून आणलेला अ‍ॅम्प असेल तर मागची पट्टी वाचा. १२० व्होल्टचा अ‍ॅम्प २३० वर लावला तर तो त्याच क्षणी संपू शकतो.

जुना, वापरलेला घ्यावा का?

घ्यावा. ट्यूब अ‍ॅम्प दुरुस्त होतो, हा त्याचा मोठा गुण. पंधरा-वीस वर्षांत मोठे कपॅसिटर सुकतात. तेव्हा सतत घुमणारी गुणगुण आणि लुळा पडलेला बेस ऐकू येतो. त्यांच्या बदलीचा खर्च मनात धरून बोलणी करा. ट्रान्सफॉर्मर मूळचेच आहेत का ते विचारा. नॉब फिरवताना खरखर आली तर ती बहुधा साफसफाईने जाते.

दुकानात अर्धा तास मिळाला तर काय काय वाजवून बघू?

स्वतःची गिटार, स्वतःची केबल आणि ते एक ओव्हरड्राइव्ह पेडल न्या. नॉब सगळे मध्यावर. पहिली दहा मिनिटं फक्त स्वच्छ आवाज. मोकळे कॉर्ड वाजवा आणि प्रत्येक तार वेगळी ऐकू येते का ते बघा. मग दुकानदारांना विचारून आवाज खरोखर बँडइतका वाढवा, निदान दोन मिनिटं. याच दोन मिनिटांसाठी तुम्ही आलेले असता. जाड तारेवरचा सूर घट्ट राहतो की पसरतो? बारीक तारा टोचतात का? आता गिटारचा व्हॉल्यूम ५ वर आणा. आवाज मलूल होतो की नुसता शांत होतो?

मग पेडल लावा. मग अ‍ॅम्पचं स्वतःचं डिस्टॉर्शन. काही न वाजवता हात तारांवर ठेवून मास्टर वाढवत न्या आणि शिट्टी, खडखड, पत्र्याची थरथर ऐका. एखाद्या विशिष्ट सुरालाच कॅबिनेट खुळखुळत असेल तर मागचे स्क्रू सैल असतील, किंवा एखादी ट्यूब.

शेवटी अ‍ॅम्प बंद करून थंड होऊ द्या, मूठ पकडा, उचला आणि दुकानाच्या दारापर्यंत चालत जाऊन परत या.